नर्सिंगचं तत्त्वज्ञान: ड्युटीवर उपयोगी पडेल असं लिहा

'नर्सिंगविषयीचं तुमचं वैयक्तिक तत्त्वज्ञान लिहा' ही असाइनमेंट मिळाली की निम्म्या वर्गाची सुरुवात ठरलेली असते: 'रुग्ण हाच देव'. मला हे वाक्य मुळीच पटत नाही. देवाला काय हवं ते पुजारीच ठरवतो, आणि नर्सिंगमध्ये नेमकं तेच टाळायचं असतं. पेशंट चिडतो, गोळी उशीखाली लपवतो, आंघोळीला नाही म्हणतो. त्याला विचारावं लागतं.

सांगाडा हवा असेल तर नर्सिंगच्या अभ्यासक जॅकलिन फॉसेट यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या चार संकल्पना घ्या: व्यक्ती, परिसर, आरोग्य आणि नर्सिंग. प्रत्येकीबद्दल दोन-दोन ओळी लिहिल्या की कच्चा मसुदा तयार होतो. त्यानंतर नर्सिंगच्या अभ्यासकांपैकी एकीचाच सिद्धान्त निवडा. पाच जणींची नावं टाकून पान भरतं, पण तुम्ही काय मानता ते कळत नाही.

मी व्हर्जिनिया हेंडरसन यांना धरलं. त्यांच्या १४ मूलभूत गरजांची यादी परीक्षेपुरती पाठ होतेच, पण मला भावली ती त्यांची नर्सिंगची व्याख्या. ताकद, इच्छा किंवा माहिती असती तर माणसाने जे स्वतःच केलं असतं, त्यात त्याला मदत करायची, आणि तीही तो लवकरात लवकर स्वतःच्या पायावर उभा राहील अशा रीतीने.

वॉर्डात याचा अर्थ काय होतो ते पाहा. पक्षाघाताचा पेशंट शर्ट घालतोय. लुळा हात बाहीत आधी घालायचा, काढताना शेवटी, हे त्याला शिकवून झालंय. आता एका हाताने बटण लावायचा प्रयत्न चाललाय. बटण काजापर्यंत येतं आणि निसटतं. मी लावलं तर मिनिटात काम होईल, शिवाय पुढच्या बेडची औषधं बाकी आहेत. अशा वेळी 'मी स्वावलंबनाला महत्त्व देते' हे वाक्य काही सांगत नाही. म्हणून मी ते असं बदललं: 'जे पेशंटला जमण्यासारखं आहे, ते केवळ माझ्या घाईसाठी मी त्याच्या हातून काढून घेणार नाही.' हे रोज पाळता येतं का? नाही. भरलेल्या वॉर्डात सकाळी तर नाहीच. पण निदान मी काय सोडलं ते मला कळतं, आणि दुपारी त्याच्याकडे परत जाता येतं.

तुमचंही प्रत्येक वाक्य असंच तपासा: ड्युटीवर यामुळे मी काय वेगळं करेन? उत्तर नसेल तर वाक्य खोडा. 'सहानुभूती', 'समर्पण' हे शब्द बहुधा इथेच गळतात. (मार्क जातील ही भीती सोडा, उदाहरण दिलं की शिक्षकही खूश होतात.)

विभाग बदलला की मसुदा पुन्हा काढा. आयसीयूत व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला स्वावलंबन शिकवणार कसं? तिथे माझं वाक्य वेगळं झालं: तो गुंगीत असला तरी सक्शनआधी (नळीने कफ ओढून काढण्याआधी), कूस बदलण्याआधी त्याला नावाने हाक मारून सांगायचं.

जुने मसुदे तारीख घालून ठेवा. नोकरीच्या मुलाखतीत 'नर्सिंग म्हणजे तुमच्या मते काय?' असं विचारलं, तर त्यातलंच एखादं उदाहरण सांगा.