पिस्तुलाचा मोफत वर्ग घेताय? या चुका टाळा

टेक्ससमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून परवान्याशिवाय पिस्तूल जवळ बाळगता येतं. मुख्य अट ही, की कायद्याने त्या माणसाला बंदुकीची मनाई नसावी. कायद्यात वयाची अट २१ वर्षांची होती, पण २०२२ मध्ये न्यायालयाने १८ ते २० वर्षांच्यांसाठी ती घटनाबाह्य ठरवली. त्याआधी परवान्यासाठी निदान एक वर्ग करावा लागे आणि ५० गोळ्यांची परीक्षा द्यावी लागे: ३ यार्डांवरून २०, ७ वरून २०, १५ वरून १०, २५० पैकी १७५ गुण मिळाले की पास. परवाना अजूनही काढता येतो, पण सक्ती उठल्यावर शनिवारची झोप मोडून शिकायला कोण जातं? पिस्तूल दुकानातून घरी येतं आणि कपाटात साड्यांच्या घडीखाली जाऊन बसतं.

म्हणून डॅलसच्या उत्तरेकडच्या आमच्या वस्तीत आम्ही दोघा-तिघांनी मोफत वर्ग सुरू केला. सकाळी दोन तास खोलीत, मग दीड-दोन तास नेमबाजीच्या रेंजवर. नेमबाज घडवायचे नव्हते; घरात पिस्तूल असलेल्या माणसाला ते सुरक्षित हाताळता यावं, एवढीच इच्छा. पहिल्या काही वर्गांत जे बिघडलं त्याचा दोष शिकणाऱ्यांपेक्षा आमच्याकडेच जास्त होता.

व्हिसा न विचारणे

ही चूक आपल्या लोकांच्या वर्गातच होणार, कारण इथल्या शिक्षकांना हा प्रश्न सहसा सुचतच नाही. एच-१बी, एच-४, एफ-१, किंवा आई-बाबा येतात तो बी-२ अशा तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या माणसाला केंद्रीय कायद्याने बंदूक आणि गोळ्या बाळगायला मनाई आहे. अपवाद मोजके आहेत. शिकारीचा वैध परवाना हा त्यातला सगळ्यांना ऐकून माहीत असलेला. रेंजवर भाड्याचं पिस्तूल पाच मिनिटं हातात घेणं हाही ताबाच धरला जाऊ शकतो आणि माहीत असून ते हातात देणाराही अडचणीत येतो. ग्रीनकार्डवाल्यांना ही अडचण नाही.

आमच्या दुसऱ्याच वर्गात एकाने दोन महिन्यांसाठी आलेल्या सासऱ्यांना सोबत आणलं. "अहो, एक फोटो तर काढू द्या त्यांना." सासरे लष्करातून निवृत्त झालेले, बंदूक आमच्यापेक्षा जास्त जाणणारे. तरी नाही म्हणावं लागलं. तेव्हापासून नावनोंदणीच्या अर्जातच हा प्रश्न असतो. ज्यांना मनाई आहे त्यांनी खोलीतल्या दोन तासांना जरूर यावं. तिथे सगळं प्लास्टिकच्या नकली पिस्तुलावरच चालतं. नेमका अपवाद आपल्याला लागू होतो का, हे मात्र वकिलाला विचारावं, वर्ग घेणाऱ्याला नाही.

त्याच अर्जात कोणी गरोदर आहे का, हेही विचारा. बंद रेंजवरचा आवाज आणि हवेतलं शिसं दोन्ही पोटातल्या बाळाला वाईट. असा प्रश्न चारचौघांत विचारायचा नसतो, म्हणून तो कागदावरच बरा.

फुकट आहे म्हणून ढिलाई

दहा नावं येतात, सहा जण उगवतात आणि त्यातल्या दोघांबरोबर चुलतभाऊ असतो. त्याला परत पाठवायला जीभ रेटत नाही, पण पाठवा. नवख्यांच्या बाबतीत गोळीबाराच्या लेनमध्ये एका शिक्षकामागे एकच शिकणारा हवा. पैसे घेतले नाहीत म्हणून जबाबदारी संपत नाही. विमा, रेंजची लेखी परवानगी, सह्या केलेले कागद, रक्तस्राव थांबवायची पेटी हे सगळं लागतंच.

आणि नवऱ्याला बायकोच्या लेनपासून लांब ठेवा. तो मागून "असं नाही, असं" सुरू करतो आणि ती पुढे बघण्याऐवजी मागे बघते. बहुधा त्यानेच तिच्यासाठी "बायकांचं" म्हणून चिमुकलं पिस्तूल घेतलेलं असतं. आकार जितका लहान तितका झटका जास्त, पकड कमी आणि स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागेपुढे सरकणारा भाग) ओढायला अवघड. सुरुवात पॉइंट टू-टूच्या (लहान, कमी झटक्याच्या गोळीच्या) पूर्ण आकाराच्या पिस्तुलाने करा, त्याहून मोठ्या गोळीचं नाइन एमएम नंतर.

मराठीत हुकूम देणे

वर्ग मराठीत घ्यायचा आम्हाला फार उत्साह. खोलीत तो फळालाही आला. प्रश्न मोकळेपणाने विचारले गेले. लेनमध्ये मात्र पंचाईत झाली. ट्रिगरवरचं बोट काढायला मी एकीला "सोड, सोड" म्हणालो आणि तिने पिस्तूलच सोडलं. ते पडलं, उडालं नाही. आजची चांगली पिस्तुलं पडल्याने सहसा उडत नाहीत. पडणारं झेलायला गेलं, की बोट ट्रिगरवर जायचा धोका असतो. म्हणून पडलं तर पडू द्यावं, हे आता आधीच सांगतो.

"चाप ओढ" म्हटलं की लोक खरोखर ओढतात, विहिरीचा दोर ओढावा तसे, आणि नेम जातो. "घोडा दाब" म्हटलं तर अर्धे लोक मागचा हातोडा शोधतात. आता शिकवताना "ट्रिगर हळूहळू मागे दाब" आणि हुकूम फक्त तीन: "लोड", "फायर", "सीझ फायर". पहिले दोन एकाच माणसाने द्यायचे. तिसरा कोणीही, अगदी शिकणाऱ्यानेही ओरडावा.

नियम वाचून दाखवणे

निवृत्त मरीन अधिकारी जेफ कूपर यांनी १९७६ साली अ‍ॅरिझोनात बंदुकीची शाळा काढली. त्यांचे चार नियम आजही सगळीकडे शिकवतात: प्रत्येक बंदूक भरलेलीच समजा, जे उडवायचं नाही त्यावर नळी रोखू नका, लक्ष्यावर नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरबाहेर, लक्ष्य आणि त्याच्या मागे काय आहे ते ओळखा. आम्ही ते पडद्यावर दाखवले, सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि पाच मिनिटांत प्रत्येकाचं बोट ट्रिगरवर. आता नकली पिस्तूल हातोहात फिरवतो. कोणाचं बोट आत गेलं किंवा नळी शेजाऱ्याकडे वळली की वर्ग थांबतो. पहिल्या अर्ध्या तासात दहा-बारा वेळा थांबतो, नंतर शेजारीच एकमेकांना टोकायला लागतात.

पिस्तूल रिकामं करण्याचा क्रमही हातानेच शिकवायचा. आधी मॅगझिन (मुठीतली गोळ्यांची पेटी) काढा, मग स्लाइड मागे घ्या, मग चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते त्या जागेत, डोळ्याने पाहा आणि बोट घालून बघा. उलट केलंत तर चेंबरमधली गोळी बाहेर पडते, स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधली दुसरी आत जाते, आणि मग मॅगझिन काढून माणूस निर्धास्त होतो. खोलीत खऱ्या गोळ्या येऊच देऊ नका, कोणाच्या पर्समध्येही नाही.

पहिल्यांदाच मॅगझिन भरून देणे

नवख्याच्या पहिल्या मॅगझिनमध्ये एकच गोळी. ती लागली की माणूस आनंदाने मागे वळतो, पिस्तुलासकट! एक गोळी असेल तर ते पिस्तूल तोवर रिकामं झालेलं असतं. तीन-चार वेळा एकेक, मग दोन. शिक्षकाने पिस्तुलाच्या हाताच्या बाजूला, जरा मागे उभं राहावं, म्हणजे हात वळलाच तर धरता येतो.

कपड्यांचं आधी सांगा. गोळी सुटल्यावर उरलेली रिकामी केस (काडतुसाचं धातूचं आवरण) गरम असते आणि उजवीकडे मागे उडते. मोठ्या गळ्याच्या कुर्त्यात ती गेली की भरलेलं पिस्तूल हातात घेऊन माणूस नाचतो. बंद गळा, पुढे झाप असलेली टोपी, बंद बूट. कानात फोमचे बोळे आणि वर मफ, दोन्ही. संपल्यावर साबण आणि गार पाण्याने हात धुतल्याशिवाय डब्याला हात नाही.

गोळ्या भलतीकडे का जातात

उजव्या हाताच्या माणसाच्या गोळ्या खाली डावीकडे जमत असतील तर नेम बिघडलेला नसतो. आवाजाच्या धास्तीने तो गोळी सुटायच्या आधीच हात खाली ढकलत असतो. सांगून पटत नाही. त्याच्या नकळत खऱ्या गोळ्यांत एखादी डमी, म्हणजे न उडणारी नकली गोळी, मिसळा. ट्रिगर दाबला, आवाज नाही, आणि नळी मात्र खाली गचकली, हे त्याचं त्यालाच दिसतं.

रिकामी केस स्लाइडमध्ये उभी अडकत असेल तर बहुतेक वेळा मनगट सैल असतं. अंगठ्याच्या बेचक्यात कापलं असेल तर दुसऱ्या हाताचा अंगठा स्लाइडच्या मागे गेलेला असतो. दोन्ही अंगठे एकाच बाजूला पुढे हवेत. स्लाइड ओढवत नसेल तर ताकद कमी आहे असं ठरवू नका. वरून मुठीत धरून स्लाइड जागेवर ठेवायची आणि पिस्तूलच पुढे ढकलायचं. या वेळी नळी हमखास डावीकडे शेजाऱ्याच्या लेनकडे फिरते, तिकडे डोळा ठेवा.

नुसतं "क्लिक" झालं तर नळी लक्ष्याकडे ठेवून ३० सेकंद थांबा. आवाज फुसका आला तर लगेच बंद. गोळी नळीत अडकलेली असू शकते आणि पुढची मारली तर नळी फुटेल.

ज्यांनी एनसीसीत किंवा क्लबात नेमबाजी केली आहे ते एका हाताने, आडवे उभे राहतात. राही सरनोबत यांनी २०१८ च्या एशियाडमध्ये सुवर्ण मिळवलं ते तसंच, पण तो खेळ वेगळा. स्वसंरक्षणासाठी दोन्ही हात, तोंड समोर, अंतर ३ ते ७ यार्ड. होल्स्टरमधून (कमरेच्या म्यानातून) पिस्तूल काढणं पहिल्या वर्गात नकोच, कोणी कितीही आग्रह केला तरी.

कायद्याच्या ऐकीव गोष्टी

"गोळी लागून चोर दारात पडला तर आत ओढून घ्यायचा." हे वाक्य जवळजवळ प्रत्येक वर्गात कोणीतरी हसत म्हणतं. त्याला पुराव्याशी छेडछाड म्हणतात आणि तो स्वतंत्र गुन्हा आहे. आम्ही तेव्हा योशिहिरो हत्तोरीबद्दल सांगतो. १६ वर्षांचा जपानी विद्यार्थी, १९९२ च्या ऑक्टोबरात लुइझियानातल्या बॅटन रूजमध्ये हॅलोवीनच्या पार्टीला निघाला आणि चुकीच्या घरी गेला. घरमालकाने त्याला गोळी घातली. फौजदारी खटल्यात तो सुटला, दिवाणी दाव्यात साडेसहा लाख डॉलरच्या आसपास भरपाईचा निकाल विरुद्ध गेला. वर्गात तेव्हा कोणी बोलत नाही. बसलेल्या प्रत्येकाने कधी ना कधी चुकीच्या दारावरची बेल वाजवलेली असते.

निघताना आम्ही प्रत्येकाला विचारतो: आज रात्री पिस्तूल कुठे ठेवणार? टेक्ससमध्ये भरलेलं पिस्तूल निष्काळजीपणे ठेवलं आणि १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागलं तर मालक गुन्हेगार ठरतो. कोणी गादीखाली म्हणतं, कोणी कपाटाच्या वर. एका काकूंनी सांगितलं, "देवघराच्या खालच्या कप्प्यात, तिथे कोणी हात लावत नाही." कुलपाची लोखंडी पेटी घ्यायला त्या तयार झाल्या, पण आधी नातवाने शेजारून सांगितलं, की प्रसादाची खडीसाखर आजी तिथेच ठेवते.