घरी राइट केलेली डीव्हीडी अडकते? या चुका टाळा

यंदा सोलापूरच्या गड्डा यात्रेला अक्का माहेरी आली आणि कपाटातून तिच्या लग्नाची डीव्हीडी निघाली. अक्षता पडेपर्यंत चित्र स्वच्छ. पाठवणी जवळ आली तसे चौकोन पडायला लागले आणि डिस्क अडकली. "गेली रे ही," म्हणत अक्का ती टाकायलाच निघाली होती.

डिस्क टाकायची घाई, ही पहिली चूक. ती कुठे अडकते ते आधी बघा. डीव्हीडी आतून बाहेर वाचली जाते, म्हणजे शेवटचा भाग कडेला असतो, आणि आपली बोटं लागतात तीही कडेलाच. अक्काची डिस्क ट्यूबलाइटखाली तिरकी धरली तर कडेला अख्खा अंगठा उमटलेला दिसला. मऊ, ओलसर सुती कापडाने मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसली. ताट पुसल्यासारखं गोल गोल पुसू नका. सरळ ओरखडा डेटाच्या गोल रेषेला आडवा जातो, तेवढं प्लेअर सांभाळून घेतो. गोल ओरखडा रेषेवरूनच धावतो, तिथे त्याला काही करता येत नाही.

सगळ्याच डिस्क सुरुवातीपासून अडकत असतील तर दोष बहुधा प्लेअरच्या लेन्सचा. आपल्याकडे सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागांची तूस घरात कुठेही बसते, ती लेन्सलाही सोडत नाही.

प्लेअर सरळ 'नो डिस्क' म्हणत असेल तर गोष्ट वेगळी. मोबाइलमधली एमपी४ फाइल नुसती कॉपी केली की डेटा डिस्क होते. जुन्या प्लेअरला एमपीईजी-२ या प्रकारातलं चित्र आणि 'व्हिडिओ टीएस' नावाचं फोल्डर लागतं. त्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये 'डीव्हीडी व्हिडिओ' हाच पर्याय निवडा. आपल्याकडे टीव्हीची पद्धत पाल, म्हणजे ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम. डिस्क फायनलाइज करायलाही, म्हणजे राइट झाल्यावर बंद करायलाही, विसरू नका. नाहीतर ज्या मशीनवर राइट केली तिथे चालते, पाहुण्यांच्या घरी चालत नाही.

कोरी डिस्क घेताना 'मायनस आर' (डीव्हीडी-आर) मागा. ती १९९७ पासूनची, 'प्लस आर' २००२ ची, त्यामुळे जुने प्लेअर कधीकधी प्लसला नकार देतात. पुसून पुन्हा राइट करता येणारी आरडब्ल्यू तर प्रकाशच कमी परतवते. लग्नासाठी ती नकोच.

आता सगळ्यात जास्त नडणारी चूक: घाई. डिस्कवर १६ एक्स हा वेग लिहिलाय म्हणून १६ वर राइट करू नका. ४ किंवा ८ वर करा आणि शेवटी 'व्हेरिफाय', म्हणजे राइट झालेल्याची तपासणी, होऊ द्या. डिस्क काठोकाठ भरू नका. ४.७ जीबी लिहिलेली डिस्क कॉम्प्युटरला सुमारे ४.३७ च दिसते. आणि व्हिडिओ तासाभराचाच असला म्हणून बिटरेट (दर सेकंदाला लागणारा डेटा) शेवटपर्यंत ताणू नका. नियमाने ९.८ एमबीपीएस चालतो, पण राइट केलेल्या डिस्कवर ७-८ च्या वर गेलात की नाचगाण्यात चित्र अडखळतं.

वर चिकट लेबल लावू नका. किंचित वाकडं बसलं तरी जोरात फिरताना डिस्क थरथरते. बॉलपेनही नको, सीडी-मार्करच वापरा. जुन्या व्हीसीडीला (व्हिडिओच्या सीडीला) तर फार जपा: सीडीत डेटाचा थर छापील बाजूच्या लगेच खाली असतो, तिथे गेलेला ओरखडा भरून निघत नाही. डीव्हीडीत तो ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांमध्ये सुरक्षित असतो. घरी राइट केलेल्या दोन्हींतला, डेटा ज्यावर लिहिला जातो तो रंगद्रव्याचा थर मात्र उन्हाने आणि उष्णतेने मरतो. सोलापुरात मे महिन्यात पारा ४० च्या वर असतो, तेव्हा टीव्हीवर, खिडकीत किंवा पत्र्याखालच्या माळ्यावर डिस्क ठेवू नका. भिंतीतल्या कपाटात, डबीत, उभी ठेवा.

आणि चालायला लागली की पुन्हा पुन्हा लावून बघत बसू नका, आधी तिची कॉपी काढा. एका ड्राइव्हने वाचली नाही तर दुसऱ्यात घाला. प्रत्येकाचं लेसर सारखं नसतं. अक्काच्या पाठवणीची शेवटची दोन मिनिटं आमच्या कॉम्प्युटरने शेवटपर्यंत वाचली नाहीत. शेजारच्या काकांच्या जुन्या लॅपटॉपने ती वाचली.