पहिला ऑफ-कॅमेरा फ्लॅश: कमी पैशांत काय घ्यावं आणि कुठे हात आखडू नये

कॅमेऱ्यावर बसवलेला फ्लॅश समोरून सरळ उजेड टाकतो, म्हणून चेहरा चपटा दिसतो आणि मागच्या भिंतीवर काळी सावली उमटते. तोच फ्लॅश हातभर बाजूला नेला की नाक, गाल, हनुवटीला उठाव येतो. त्यासाठी सुरुवातीला पाचच वस्तू पुरतात: मॅन्युअल फ्लॅश (पॉवर हाताने ठरवायचा), रेडिओ ट्रिगर (कॅमेऱ्यावरून फ्लॅशला बिनतारी इशारा देणारा), स्टँड, फ्लॅश आणि छत्री स्टँडवर धरणारं ब्रॅकेट आणि पांढरी आरपार छत्री (फ्लॅशचा उजेड तिच्यातून गाळून मऊ होतो). दुसरा फ्लॅश आणि मोठा सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारी कापडी पेटी) सध्या राहू द्या.

पैसे काढण्याआधी कॅमेऱ्याचा हॉट शू, म्हणजे वर फ्लॅश बसवायची खाच, नीट बघा. त्याच्या मधोमध धातूचा एक गोल ठिपका असतो, आणि साधे फ्लॅश व स्वस्त ट्रिगर त्याच ठिपक्यावरून चालतात. कॅननच्या १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क टू या नवशिक्यांच्या कॅमेऱ्यांतून हा ठिपकाच काढून टाकलेला आहे. तिथे 'सगळ्या कॅमेऱ्यांना चालतो' म्हणून विकला जाणारा एका संपर्काचा ट्रिगर ढिम्म राहतो. खास कॅननसाठीचा ट्रिगर लागतो, आणि तोही स्वतःच्या कॅमेऱ्यावर लावून, फ्लॅश उडवून बघितल्याशिवाय घेऊ नका. सोनीचा शू वेगळा असल्याने ट्रिगरही सोनीसाठी बनवलेलाच घ्या.

फ्लॅशमध्ये टीटीएल (कॅमेऱ्याने पॉवर आपोआप ठरवण्याची सोय) नसला तरी चालेल. गोडॉक्सचा टीटी६०० हा या कामाचा चांगला नमुना: पॉवर पूर्णपासून १/१२८ पर्यंत हाताने ठरवता येते आणि रेडिओ रिसीव्हर आतच असल्याने वेगळा घ्यावा लागत नाही. सोबत गोडॉक्सचाच एक्स२टी ट्रिगर. फिल्मच्या जमान्यातले जुने फ्लॅश स्वस्तात मिळतात, पण त्यांतल्या काहींच्या शूवर दोनशे व्होल्टहून जास्त दाब येतो. असा फ्लॅश डिजिटल कॅमेऱ्यावर चढवला तर कॅमेऱ्याचं सर्किट जळू शकतं.

सेल एए आकाराचे, रिचार्जेबल एनआयएमएच (निकेल-मेटल हायड्राइड) घ्या. चारांचे दोन संच करा आणि संचातले सेल एकमेकांत मिसळू नका. एक सेल कमजोर निघाला तरी फ्लॅश सावकाश भरतो आणि मधलेच फोटो काळे येतात.

आता स्टँड आणि ब्रॅकेट. बहुतेक लोक इथेच काटकसर करतात आणि पुढे फ्लॅशच पडून फुटतो. सात फुटी स्टँड घ्या, पण दुकानात पूर्ण उंच करून, वरचा भाग हलवून बघा. ब्रॅकेटची वाकणारी सांध्याची जागा धातूची हवी. प्लॅस्टिकचे दाते महिन्या-दोन महिन्यांत झिजतात आणि फ्लॅश मान टाकतो. ब्रॅकेटचा शू धातूचा असेल तर फ्लॅशच्या तळाचे संपर्क त्याला टेकून फ्लॅश आपोआप उडतो किंवा उडतच नाही. आत इलेक्ट्रिकच्या टेपचा तुकडा चिकटवला की काम होतं.

छत्री चाळीस इंचांच्या आसपासची घ्या. छत्री म्हणजे शीडच. बाहेर साध्या झुळुकीनेही स्टँड आडवा होतो. स्टँडचा एक पाय छत्री झुकते त्या बाजूला ठेवा आणि मधल्या दांड्याला तीन-चार किलो वाळूची पिशवी अडकवा. जोराचा वारा असेल तर छत्री उघडूच नका, कोणालातरी फ्लॅश हातात धरू द्या.

पहिली मांडणी अशी करा. कॅमेरा मॅन्युअलवर, आयएसओ २००, एफ ५.६, शटर १/१६०. फ्लॅश बंद ठेवून एक फोटो काढा. घरात तो जवळजवळ काळा यायला हवा, म्हणजे ट्यूबलाइटचा उजेड मध्ये लुडबुडत नाही. मग छत्री माणसापासून सव्वा मीटरवर, बाजूला पंचेचाळीस अंशांत, डोळ्यांपेक्षा फूटभर वर. फ्लॅशचा झूम, म्हणजे उजेड किती पसरवायचा ते, २४ ते ३५ मिमी, पॉवर १/८. उजेड जास्त वाटला तर १/१६, कमी वाटला तर १/४. अंतर दुप्पट केलं की उजेड चौथा हिस्सा उरतो, म्हणून पॉवर ठरल्यावर मॉडेलला पुढेमागे सरकू देऊ नका.

फोटोत खाली किंवा वर काळा पट्टा आला तर शटर सिंक स्पीडच्या, म्हणजे फ्लॅशसोबत चालणाऱ्या सर्वांत जलद शटर वेगाच्या, पुढे गेलंय. तो बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० च्या आसपास असतो. १/१६० वर परत या. फ्लॅश अजिबात उडत नसेल तर आधी फ्लॅश रेडिओ रिसीव्हर मोडवर आहे का, मग दोन्हीकडचा चॅनेल आणि ग्रुप तोच आहे का ते तपासा. अगदी जवळून मध्येच चुकत असेल तर एक्स२टीच्या मेनूत अंतर ०–३० मीटरवर करा.