फाइलनावांतील कॅपिटल-स्मॉलचा घोळ: गिट वापरताना या चुका टाळा

एकच कोड विंडोजवर किंवा मॅकवर विनातक्रार चालतो आणि लिनक्स सर्व्हरवरचे बिल्ड (कोडपासून प्रोग्राम तयार करण्याची प्रक्रिया) मात्र 'फाइल सापडली नाही' म्हणून अडते, तेव्हा आधी फाइलनावांतील कॅपिटल आणि स्मॉल अक्षरे तपासावीत. विंडोजची एनटीएफएस आणि मॅकची एपीएफएस या डिस्कवर फाइली ठेवण्याच्या प्रणाली नेहमीच्या मांडणीत नाव दिले तसेच जपून ठेवतात, पण शोधताना हा अक्षरभेद मानत नाहीत. लिनक्स आणि कोडमधील बदलांचा इतिहास सांभाळणाऱ्या खुद्द गिटची नोंद मात्र तो काटेकोरपणे पाळतात.

सर्वांत नेहमीची चूक म्हणजे एडिटरमध्ये किंवा फाइल एक्सप्लोररमध्ये फक्त एक अक्षर कॅपिटल करून नाव बदलणे. विंडोज किंवा मॅकवर क्लोन करतानाच (प्रकल्पाची प्रत उतरवतानाच) गिट 'कोअर.इग्नोरकेस' हे सेटिंग चालू करून ठेवते, त्यामुळे 'गिट स्टेटस'मध्ये काहीच दिसत नाही, इंडेक्समध्ये (गिटने ठेवलेल्या फाइलींच्या यादीत) जुनेच नाव राहते आणि सहकाऱ्यांपर्यंतही तेच पोहोचते. नाव 'गिट एमव्ही'नेच बदलावे; फोल्डरचे नाव बदलताना ही आज्ञा अडली, तर आधी एखादे तात्पुरते नाव देऊन मग हवे ते नाव द्यावे.

याहून घातक ठरतो तो इंटरनेटवर सर्रास सुचवला जाणारा उपाय, म्हणजे हे सेटिंगच बंद करणे. डिस्क अक्षरभेद मानत नसताना गिटला मानायला लावले, की एकाच फाइलच्या दोन नोंदी इंडेक्समध्ये शिरतात, आणि गिटच्या दस्तऐवजातही हे मूल्य बदलू नये अशा अर्थाचा इशारा आहे.

दोन नोंदी एकदा रिपॉझिटरीत (प्रकल्पाच्या गिट-साठ्यात) गेल्या, की विंडोज किंवा मॅकवर डिस्कवर त्यांपैकी एकच उतरते आणि दुसरी 'मॉडिफाइड' दिसत राहते. कितीही वेळा 'गिट रिस्टोअर' केले तरी ती जात नाही. गिट २.२० पासून (२०१८) क्लोन करताना अशा टक्कर झालेल्या नावांची यादी दाखवली जाते, ती वाचायला हवी. नको असलेली नोंद 'गिट आरएम'ला 'कॅश्ड' हा पर्याय देऊन, नाव अक्षरशः अचूक लिहून काढावी. पण त्याआधी दोन्हींचा मजकूर ताडून पाहावा, कारण एका नावाखाली एकाने आणि दुसऱ्याखाली दुसऱ्याने बदल केलेले असू शकतात. ही तुलना लिनक्सवर करणे सोपे, कारण तेथे दोन्ही फाइली शेजारी-शेजारी दिसतात.

ब्रँचच्या (कोडच्या समांतर शाखांच्या) नावांनाही अक्षरभेदाचा हा घोळ लागू आहे, कारण गिट नेहमीच्या मांडणीत त्या फाइलींच्याच रूपात ठेवते.

'गिट एलएस-फाइल्स'ची यादी स्मॉल अक्षरांत बदलून तीत दुबार नावे आहेत का, ही तपासणी सीआयमध्ये (बदल आल्यावर आपोआप तपासण्या चालवणाऱ्या व्यवस्थेत) बसवावी. कमिट होण्याआधी तपासण्या चालवणाऱ्या प्री-कमिट या साधनात 'चेक-केस-कॉन्फ्लिक्ट' नावाचा हुक, म्हणजे आपोआप चालणारी तपासणी, तयारच आहे. इम्पोर्टमध्ये (कोडमध्ये दुसरी फाइल मागवणाऱ्या ओळीत) चुकीच्या अक्षरात लिहिलेले नाव मात्र या तपासणीत सापडत नाही. त्यासाठी टाइपस्क्रिप्टमध्ये 'फोर्स कन्सिस्टंट केसिंग इन फाइल नेम्स' हा पर्याय चालू ठेवावा आणि इतर भाषांत निदान एक बिल्ड लिनक्सवर चालवावे.