मुंबई शहर उत्तर, १९५२ : जुन्या मतदारसंघावर लिहिताना या चुका टाळा

मुंबई शहर उत्तर हा लोकसभा मतदारसंघ आज अस्तित्वात नाही. तरी दर सहा डिसेंबरला आणि चौदा एप्रिलला त्यावर हमखास लिहिलं जातं, कारण जानेवारी १९५२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथून हरले. लिहावंच. पण निकालाचा तक्ता समोर आला की दहा मिनिटांत टक्केवारी काढून मोकळं व्हायची जी घाई असते, तिथून घोळ सुरू होतो.

सगळे उमेदवार एकाच रांगेत लावणे

ही चूक मला सर्वांत जास्त छळते. आकडे असे : विठ्ठल गांधी (काँग्रेस) १,४९,१३८, अशोक मेहता (समाजवादी) १,३९,७४१, नारायण काजरोळकर (काँग्रेस) १,३८,१३७, आंबेडकर (शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन) १,२३,५७६, कॉम्रेड डांगे (कम्युनिस्ट) ९६,७५५. एका स्मरणिकेसाठी एका हुशार मुलानं यावरून लेख लिहिला होता. त्याचा निष्कर्ष असा, की मेहतांना काजरोळकरांपेक्षा १,६०४ मतं जास्त, तरी मेहता पडले आणि काजरोळकर खासदार झाले, म्हणजे मोजणीतच घोटाळा. शेजारी चौकटीत ‘आंबेडकर चौथ्या क्रमांकावर’. खाली या पाच जणांच्या मतांची बेरीज ६,४७,३४७, आणि पुढे ‘इतक्या मुंबईकरांनी मतदान केलं’. छपाईला जायच्या आदल्या संध्याकाळी ती पानं माझ्यासमोर आली आणि अख्खा फर्मा (एकत्र छापायच्या पानांचा संच) थांबवावा लागला.

मतदारसंघ द्विसदस्य होता. एक जागा सर्वसाधारण, एक अनुसूचित जातींसाठी राखीव, आणि प्रत्येक मतदाराला दोन मतं. त्यामुळे ती बेरीज मतांची आहे, माणसांची नाही. निकाल लावताना आधी राखीव जागा भरायची : अनुसूचित जातींच्या उमेदवारांत ज्याला सर्वाधिक मतं, तो निवडून आला. मग उरलेल्या सगळ्यांत जो पुढे, त्याला दुसरी जागा. म्हणून आंबेडकरांची लढत काजरोळकरांशी आणि फरक १४,५६१. मेहतांची लढत गांधींशी आणि फरक ९,३९७. घोटाळा नाही, नियम आहे.

‘उरलेल्या सगळ्यांत’ हे शब्द वाचून पुढे पळू नका. सर्वसाधारण जागा कुणासाठी राखून ठेवलेली नव्हती. १९५७ मध्ये आंध्रातल्या पार्वतीपूरमला अनुसूचित जमातींचे उमेदवार दोन्ही जागांवर आले, पुढे राष्ट्रपती झालेले व्ही. व्ही. गिरी पडले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९६१ च्या कायद्यानं द्विसदस्य मतदारसंघच बंद झाले.

माझी सवय सांगतो. १९६२ च्या आधीचा कुठलाही तक्ता असो, मी पहिल्यांदा ‘जागा किती’ हा रकाना आखतो. त्यात आकडा पडेपर्यंत टक्केवारीला हात लावत नाही.

बाद मतं सोडून देणे

तेव्हा शिक्का मारायची पद्धत नव्हती. प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली वेगळी पेटी असे, आणि मतपत्रिका तिच्यात टाकायची. दोन मतं दोन वेगळ्या उमेदवारांनाच देता येत. दोन्ही एकाच पेटीत टाकली तर एक बाद. मुंबईत असे बाद कागद सत्तर हजारांच्या वर गेले, म्हणजे दोन्ही लढतींतल्या फरकाच्या कितीतरी पट. आंबेडकर आणि मेहता यांनी यावरच निवडणूक याचिका केली. हा रकाना गाळून पराभवाची कारणमीमांसा करणारे लेख मी पूर्ण वाचत नाही.

नाव तेच म्हणून जागा तीच समजणे

१९५२ चं ‘शहर उत्तर’ आणि १९५७ चं ‘शहर उत्तर’ ही वेगळी भूमी आहे. १९५७ ला त्या नावानं काँग्रेसचे कृष्ण मेनन निवडून आले, ते उपनगरांतून. गिरणगावाचा पट्टा तोवर ‘शहर मध्य’मध्ये गेला होता, आणि तिथे संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत डांगे आणि गोपाळ माने दोघेही जिंकले. ‘१९५२ ला काँग्रेस, १९५७ लाही काँग्रेस, म्हणजे बालेकिल्ला’ असं एका ओळीत लिहिणाऱ्यानं नकाशा उघडलेलाच नसतो. हा प्रकार जुनाच आहे असंही नाही : एकनाथ गायकवाड २००४ ला मनोहर जोशींना हरवून आले ते मुंबई उत्तर मध्यमधून, २००९ ला आले ते दक्षिण मध्यमधून, कारण मधल्या पुनर्रचनेत हद्दी सरकल्या. मी निकालाआधी परिसीमन आदेश (मतदारसंघांच्या हद्दी ठरवणारा) शोधून काढतो आणि नावापुढे पेन्सिलनं वस्त्या लिहितो. वेळ जातो. जाऊ द्यावा.

थोडक्यात

१९५२ च्या तक्त्यावर ‘महाराष्ट्र’ लिहू नका, राज्य मुंबई होतं.

आंबेडकर किंवा माने यांच्यापुढे ‘रिपब्लिकन’ नको. तो पक्ष ऑक्टोबर १९५७ मध्ये स्थापन झाला, दोघेही लढले ते शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनकडून. मेहतांपुढे ‘प्रजासमाजवादी’ही नको, समाजवादी आणि किसान मजदूर प्रजा पक्ष यांचं विलीनीकरण निवडणुकीनंतरचं.

१९५२ नंतर आंबेडकर संसदेबाहेर होते, हेही चूक. त्याच वर्षी ते राज्यसभेवर गेले.

पोटनिवडणुका वेगळ्या शोधा, सार्वत्रिक अहवालात त्या नसतात. १९५४ ची भंडाऱ्याची निवडणूक अशीच सुटते : तिथेही दोन जागा होत्या, मेहता आले, आंबेडकर पडले. तसंच १९६७ चं मुंबई ईशान्य. स. गो. बर्वे मेननना हरवून निवडून आले, मार्चमध्ये वारले, आणि पोटनिवडणुकीत तारा सप्रे यांनी मेननना पुन्हा हरवलं. फक्त सार्वत्रिक निकाल पाहिला तर एकाच वर्षातल्या दोन पराभवांपैकी एकच हाती लागतो.