ओरडावं कुठं आणि गप्प बसावं कुठं : खेड्यात दवाखाना टाकणाऱ्यांसाठी

आमच्या गावात नवी सून आली की सासू तिला माझी ओळख करून देते : "तोंड वाईट हाय डॉक्टरांचं, पण हाताला गुण हाय." पन्हाळा तालुक्यात, कासारीच्या काठाला बसून ही कीर्ती मिळवायला मला तीस वर्षं लागली. हल्ली नुकतीच एमबीबीएस झालेली पोरं येतात आणि विचारतात, सर, खेड्यात प्रॅक्टिस बसवायची कशी? जागा, बोर्ड, मेडिकलवाल्याशी संधान हे तुम्हाला कुणीही सांगेल. मी ओरडायचं कसं तेवढं सांगतो.

पहिली गोष्ट, ओरडायचं ते सलाईनवर. आमच्याकडं माणूस सकाळी शिंकला की दुपारी दारात उभा. "अंग नुस्तं मोडालंय बघा, एक बाटली लावा की वो." इथं आवाज चढवायचा, आणि बाहेरच्या बाकड्यापर्यंत जाईल एवढा चढवायचा. मी डेक्स्ट्रोजची बाटली हातात देतो आणि लेबल वाचायला लावतो. पाच टक्के म्हणजे ५०० मिलीत २५ ग्रॅम साखर, म्हणजे पाच-सहा चमचे. "गुऱ्हाळाच्या गावात राहतोस आणि साखरेचं पाणी शिरेतनं घ्यायला पैसे मोजतोस?" बाहेर हशा पिकतो, आणि बाटलीच मागायला आलेले दोघं-तिघं गपचूप उठून घरी जातात. एका ओरडण्यात चार पेशंटचं काम होतं. ज्याला उलट्या-जुलाबांनी खरंच शोष पडलाय, तोंडानं काही टिकत नाही, त्याला अर्थात न मागता लावायची.

कुठं ओरडायचं नाही, ते मी माझ्याच चुकीतून शिकलो. एक बाई होत्या, पन्नाशीच्या. साखर साडेतीनशे. मी भरल्या दवाखान्यात म्हणालो, "मरायचंय काय? लग्नात जिलेबी खाल्ली असशील!" त्या काही बोलल्या नाहीत, पदर सावरला आणि गेल्या. आठ महिने फिरकल्या नाहीत. आल्या तेव्हा पायाचं बोट काळं पडलं होतं, ते काढावं लागलं. नंतर कळलं, जिलेबी वगैरे काही नव्हतं. घरात मयत झाली होती आणि त्या गडबडीत गोळ्या संपल्या, त्या आणायचं कुणाला सुचलंच नाही. तेव्हापासून माझा नियम असा : मागणीवर ओरडायचं, चुकीवर नाही. झालेल्या चुकीबद्दल बोलायचं असेल तर दार लावून, हळू आवाजात, आणि आधी विचारून : "गोळ्या कधी संपल्या?"

आता ओरडणं सगळीकडं चालतं असंही नाही. नोकरीची पहिली सहा वर्षं मी घाटाखाली, देवगड तालुक्यात समुद्राकाठच्या आरोग्य केंद्रात काढली. तिकडचा पेशंट इकडच्याच्या बरोबर उलटा. कोल्हापूरकर नसलेलं दुखणं फुगवून सांगतो, कोकणी माणूस असलेलं लपवतो. "काय होतंय?" विचारलं की "काय नाय" म्हणून समोर बसून राहणार. मुंबईच्या गिरणीतनं निवृत्त झालेले एक आजोबा शौचाची नोंद वहीत दोन रंगांच्या शाईनं करायचे, पण छातीत दुखतं हे त्यांनी वर्षभर सांगितलं नाही. एका तांडेलाला, म्हणजे बोटीच्या म्होरक्याला, हर्निया होता. तो फक्त जून-जुलैत यायचा, कारण तेव्हा मासेमारी बंद. उरलेलं वर्षभर हर्निया बोटीवर आणि मी किनाऱ्यावर. अशा माणसावर ओरडलात की तो कायमचा मिटला. तिथं मी गप्प बसायला शिकलो. पेन खाली ठेवायचं, पावसाबद्दल बोलायचं आणि वाट बघायची.

तिथल्या दोन गोष्टी मात्र घाटावर आल्यावरही सोडल्या नाहीत. पाकट, म्हणजे शेपटीला विषारी काटा असलेला मासा, लागलेला खलाशी आला की पट्ट्या आणि सुया शोधत बसायचं नाही. जखम धुवायची आणि पाय गरम पाण्याच्या बादलीत. सोसवेल एवढं गरम, ४५ अंशांच्या आसपास, तासभर. पाणी आधी आपल्या हातानं बघायचं, कारण ठणकणाऱ्या पायाला भाजलेलं कळत नाही. पाचव्या मिनिटाला कण्हणारा माणूस बिडी मागायला लागतो. दुसरी गोष्ट, लाल विंचू. दुखण्यापेक्षा घाम बघायचा, हातपाय गार पडलेत का बघायचं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीची वाट दाखवली नसती तर किनारपट्टीवरची कितीतरी पोरं फुप्फुसात पाणी होऊन गेली असती. गोळी साधी, स्वस्त. कपाटात नसेल तर आज आणून ठेवा.

साप चावलेला आला की ओरडणं बंद, आणि बरोबर आलेल्या वीस माणसांपैकी अठरा बाहेर. त्यांच्यातल्या एकानं मारलेला साप पिशवीतनं आणलेला असतो, तो बघण्यात वेळ घालवू नका; मेलेला समजलेला साप पिशवीत चावल्याची उदाहरणं आहेत. वर करकचून बांधलेली दोरी दिसली तर एकदम सोडू नका, आधी शिरेत सलाईनची सुई लावा, औषध हाताशी ठेवा. मग काचेची नळी घ्या. काचेचीच, प्लास्टिकची नाही, आणि कोरडी, नवीन. साबणानं धुतलेली नळी खोटं बोलते. तीत दोन मिली रक्त, टेबलावर उभी ठेवा आणि घड्याळ लावा : वीस मिनिटं. हलवायचं नाही, उचलून बघायचं नाही. नातेवाईक म्हणणार, "डॉक्टर, कायतरी करा की, नुस्तं बसलाय!" बसायचं. म्हणजे खुर्चीत नव्हे, पेशंटजवळ; पापण्या, श्वास आणि सूज बघत. विसाव्या मिनिटाला नळी एकदाच तिरकी करायची. रक्त थिजलेलं असलं तर तूर्त ठीक, लक्ष ठेवून पुन्हा करायची. पाण्यासारखं वाहिलं तर घोणस किंवा फुरसं, आणि मग प्रतिविषाच्या आठ-दहा कुप्या, रिॲक्शन आली तर म्हणून ॲड्रिनॅलिन भरून शेजारी ठेवून. पोरगं चार वर्षांचं असलं तरी डोस तोच. विष काही वय विचारून कमी शिरत नाही.

या नळीत मण्यार मात्र सापडत नाही; तिचं विष रक्त नाही, नसा धरतं. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे "पोटात कळ आली" म्हणून येतो, चाव्याची खूणही दिसत नाही. त्याला ॲसिडिटीची गोळी देऊन घरी पाठवू नका. पापण्या वर उचलायला सांगा. उचलता येत नसतील तर प्रतिविष चालू करून, १०८ बोलवून, हातानं दाबून श्वास द्यायची अंबू बॅग घेऊन स्वतः गाडीत बसा. कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय गाठेपर्यंत श्वास तुमच्या हातात आहे.

महापुराचं थोडक्यात. कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका, पण आमचा रस्ता त्याआधीच बंद होतो. म्हणून ३५ फुटांचा मेसेज आला की मी साखर, बीपी आणि फिटवाल्यांची वही काढतो आणि पंधरा दिवसांच्या गोळ्या घरोघरी पोचवतो. २०१९ ला पाच दिवस वीज नव्हती, इन्सुलिन आम्ही ओल्या वाळूच्या माठात ठेवलं. पाण्यात उतरणाऱ्यांना लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीनं दूषित पाण्यातनं होणारा ताप, होऊ नये म्हणून डॉक्सीसायक्लिन, आठवड्याला २०० मिलिग्रॅम. गरोदर बाई आणि लहान पोरांना नाही. आणि म्हातारं म्हशीशिवाय हलणार नाही, त्यावर वाद घालू नका. आधी म्हैस हलवा.

फीचं म्हणाल तर, जानेवारीत माझ्या टेबलाखाली गुळाच्या ढेपी असतात. बायकोला आवडत नाही. पुढं.

शेवटी दवाखान्याच्या मांडणीबद्दल एकच सल्ला. चपला बाहेर काढायला लावू नका. माझं चपलांचं स्टँड दाराच्या आत, माझ्या खुर्चीतनं दिसेल असं आहे आणि शेजारी एक स्टूल. कोल्हापुरी पायात सरकवायला माणसाला वाकावं लागतं, अंगठा नीट घालावा लागतो, अर्धं मिनिट जातं. तपासणी संपलेली, मान खाली, माझ्याकडं बघायला लागत नाही. खरं दुखणं तेव्हा बाहेर येतं. ओरडणारा डॉक्टर त्या वेळी कागदात तोंड घालून बसलेला पाहिजे.

गेल्या आठवड्यात एक वस्ताद आले होते, वय सत्तरच्या पुढं. गुडघा दाखवला, माझ्याशी भांडून एक सुई घेतली, उठले. स्टुलावर टेकले. एक चप्पल घातली, दुसरी हातातच राहिली.

"डॉक्टर, लघवीला लाल होतंय. दोन म्हैनं झालं."

मी पेन खाली ठेवलं आणि कंपाउंडरला दार लोटून घ्यायला सांगितलं.