आधी झोप लिहा, मूड नंतर

बायपोलर आजारात मूड कधी तेजीत (उन्मादात) चढतो, तर कधी उदासीत बुडतो. त्याची नोंद ठेवताना मी वहीत आधी झोप लिहिते. तेजीच्या दिवसांत स्वतःचा मूड झक्कासच वाटतो, झोप मात्र चुगली करते. तीन तास झोपूनही थकवा नाही, रात्री दोनला कपाट आवरणं, तोंडाला खळ नाही, पैशांची उधळण: हे सलग ४ दिवस चाललं तर डॉक्टरांची वेळ घ्या. उदासी २ आठवडे टिकली तरीही.

‘मूड डिसऑर्डर क्वेश्चनेअर’ या बायपोलरची शंका तपासणाऱ्या प्रश्नावलीत तेजीची १३ लक्षणं विचारतात. ७ किंवा जास्त ‘हो’, तीही एकाच काळातली आणि कामाची, नात्यांची वाट लावणारी, तर तपासणी हवीच. निदान मात्र डॉक्टरच करणार. भरताना घरचं कुणीतरी शेजारी बसवा. माझी बहीण माझे निम्मे ‘नाही’ खोडते!

उदासीसाठी गेलात तरी तेजीचे दिवस आवर्जून सांगा. नुसत्या नैराश्याच्या गोळ्यांनी काहींचा उन्माद भडकतो. जीव द्यावासा वाटला किंवा भास होऊ लागले, तर वही-बिही राहू द्या. कुणाला तरी सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठा.